आपला चॅटबॉट आपल्याच जागेत: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्लास, दवाखाना किंवा दुकान चालवताना दिवसभर तेच ते प्रश्न येतात. उद्या चालू आहे का? फी किती? डॉक्टर किती वाजता येतात? अशा ठरावीक प्रश्नांना उत्तर देणारा आणि हवं तर नाव-नंबर लिहून घेणारा साधा बॉट आम्ही टेलिग्रामवर बसवून देतो. यात कृत्रिम बुद्धिमत्ता नाही. तुम्ही लिहून दिलेलीच उत्तरं तो देतो आणि न समजलेला प्रश्न तुमच्याकडे पाठवतो. फी किंवा वेळ यांबाबत बॉटने मनानं काही सांगू नये, यावर आम्ही ठाम आहोत.

व्हॉट्सॲपवर का नाही, असं बहुतेक जण विचारतात. तिथल्या अधिकृत मार्गाला मेटाकडे (व्हॉट्सॲपची मालक कंपनी) नोंदणी लागते आणि आपणहून पाठवलेल्या संदेशांना पैसे पडतात. अनधिकृत मार्गाने बसवला तर तुमचा नंबरच बंद होऊ शकतो, म्हणून ते काम आम्ही घेत नाही.

टोकन तुमच्याच हातात हवं

टेलिग्रामवर नवा बॉट ‘बॉटफादर’कडून घ्यावा लागतो. हाही एक बॉटच. त्याला ‘न्यूबॉट’ ही आज्ञा देऊन नाव सांगितलं की तो आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ देतो. तेच टोकन. ते ज्याच्याकडे असेल तो तुमच्या नावाने तुमच्या ग्राहकांना काहीही पाठवू शकतो. म्हणूनच हे काम आम्ही आमच्या मोबाइलवरून कधीच करत नाही. तुमच्या खात्यातून तुम्ही करायचं, आम्ही शेजारी बसतो. कर्मचाऱ्याचं खातंही वापरू नका; तो काम सोडून गेला की बॉटही त्याच्याच नावावर राहतो. टोकनचा फोटो काढू नका, कुणाला पाठवू नका, आम्हालासुद्धा नाही. बाहेर गेल्याची नुसती शंका आली तरी बॉटफादरला ‘रिव्होक’ सांगा. जुनं टोकन निकामी होतं आणि नवं मिळतं.

मशीन आणि वीज

बॉटचा प्रोग्रॅम तुमच्याच जागेतल्या एका संगणकावर चालतो. त्यासाठी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) किंवा पडून असलेला जुना लॅपटॉप, दोन्ही चालतात. रास्पबेरी पायला साधारण ५ वॉट लागतात, म्हणजे महिन्याला ४ युनिटच्या आत-बाहेर. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा मोठा फायदा. पण ती फुगलेली असेल तर तो लॅपटॉप आम्ही वापरणार नाही. प्रोग्रॅम पायथन या संगणकीय भाषेत आहे, नोंदी एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये राहतात. त्या फाइलची प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्या.

राउटरच्या सेटिंगमध्ये काही बदलावं लागत नाही, स्थिर आयपीही (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) लागत नाही. बॉट स्वतःच टेलिग्रामला ‘नवीन काही आलं का?’ असं विचारत राहतो. वीज किंवा नेट गेलं तर आलेले संदेश टेलिग्राम २४ तासांपर्यंत सांभाळून ठेवतो. मशीन सुरू झालं की प्रोग्रॅम आपोआप उठतो आणि राहिलेली उत्तरं देतो. त्याहून जास्त वेळ बंद राहिला तर जुने संदेश बॉटपर्यंत पोचत नाहीत. पावसाळ्यात हे लक्षात असू द्या. एक काळजी मात्र घ्या: हाच बॉट दुसऱ्या संगणकावर त्याच वेळी चालवू नका. दोघे एकाच टोकनने विचारू लागले की ‘४०९’ ही त्रुटी येते आणि कामाचा विचका होतो.

माहिती किती घ्यायची

मशीन तुमचं असलं तरी संदेश टेलिग्रामच्या सर्व्हरमधूनच येतात आणि बॉटशी होणारं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त दोन टोकांनाच वाचता येईल असं कुलूपबंद) नसतं. हे आम्ही आधीच स्पष्ट सांगतो, कारण ‘सगळं घरातच राहतं’ या समजुतीने लोक आधार कार्डाचे फोटो मागू लागतात. रिपोर्ट, आधार, बँकेचे तपशील बॉटवर मागू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ लक्षात घेऊन आम्ही नाव, फोन आणि वेळ एवढंच विचारणारा नमुना देतो. बॉट आपणहून कुणाला पहिला संदेश पाठवू शकत नाही. ग्राहकाने आधी ‘स्टार्ट’ दाबायला हवं. म्हणून काउंटरवर लावायला क्यूआर कोड छापून देतो.

बसवायच्या दिवशी टेलिग्राम सुरू असलेला तुमचा मोबाइल, वायफायचा पासवर्ड आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याच शब्दांत लिहिलेला कागद तयार ठेवा. उत्तरं नंतर बदलायची कशी, ते त्याच दिवशी तुमच्याकडून करवून घेऊ.