टेबल आधी सरकतं की हात?

'रेड लाइट्स' (२०१२) या चित्रपटाबद्दल बहुतेकांची एकच तक्रार असते, फारच संथ आहे. रॉबर्ट डी निरो त्यात अतींद्रिय शक्तीचा दावा करणारा अंध सायमन सिल्व्हर झालाय, तर सिगर्नी वीव्हर आणि किलियन मर्फी असल्या दाव्यांचा छडा लावणारे संशोधक. अंगावर काटा यायची वाट बघत बसलेल्या प्रेक्षकाला बराच वेळ उपकरणं, कॅमेरे आणि चाचण्याच दिसतात. मला नेमका तोच भाग आवडला. भोंदूगिरीचा तपास असाच चालतो, चिकाटीने आणि कंटाळवाणा. शेवटी दिग्दर्शक अलौकिकाकडे झुकतो, ते मात्र मला अजिबात पटलेलं नाही.

चित्रपटात आजार बरे करणाऱ्या एका बाबाचं बिंग रेडिओमुळे फुटतं. तसं खरोखर घडलं आहे. १९८६ साली अमेरिकेत पीटर पोपॉफ नावाचा धर्मोपदेशक गर्दीतल्या अनोळखी माणसांची नावं आणि आजार धडाधड सांगायचा. जादूगार जेम्स रँडी यांच्या चमूने सभागृहात रेडिओ स्कॅनर नेला. ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर पोपॉफच्या पत्नीचा आवाज मिळाला! लोकांनी आधी दिलेली माहिती ती नवऱ्याच्या कानातल्या रिसीव्हरवर वाचून दाखवत होती.

इथे लबाडी होती म्हणून ती पकडता आली. पण कुणीच लबाडी करत नसेल तर? चार सज्जन माणसं टेबलावर हात ठेवून बसतात, थोड्या वेळाने टेबल फिरू लागतं आणि प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी ढकललं नाही. १८५३ साली इंग्लंडमध्ये या 'टेबल फिरवण्या'चं वेड शिगेला पोचलं होतं. कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे चुंबकत्व, कुणी म्हणे आत्मे. विजेचं नाव निघालं आणि लोक वीज आणि चुंबकत्वावर संशोधन करणाऱ्या मायकेल फॅरेडेकडे गेले.

फॅरेडेने आधी हात आणि टेबल यांच्यामध्ये काच, माती, पुठ्ठा, लाकूड असे नाना पदार्थ ठेवून पाहिले. टेबल फिरायचं थांबेना, पण विजेचा किंवा चुंबकत्वाचा मागमूसही सापडेना. मग त्याने जे केलं ते मला प्रयोगकलेचा उत्तम नमुना वाटतं. गुळगुळीत पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले आणि मध्ये मऊ, चिकट लुकणाच्या गोळ्या दाबल्या. जोर लागला तर थर एकमेकांवरून हळूहळू घसरतील, पण घसरल्यावर तिथेच राहतील. सगळ्यात खालचा पुठ्ठा टेबलाला धरून राहील अशी सोय केली आणि थर मुळात कुठे होते हे कळावं म्हणून पेन्सिलीची खूण केली.

आता नीट विचार करा. टेबल स्वतःहून डावीकडे निघालं असेल तर खालचा थर आधी डावीकडे जाईल आणि वरचे, हातांसकट, मागे राहतील. हातांनी ढकललं असेल तर उलट होईल, वरचा थर सगळ्यात पुढे आणि टेबल सगळ्यात मागे. टेबल फिरल्यावर फॅरेडेने पुठ्ठे तपासले. वरचा थर पुढे होता! हात आधी सरकले होते, टेबल त्यांच्यामागून आलं होतं.

पुढे त्याने दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घालून एक तरफ बसवली. हात किंचित जरी आडवा सरकला तरी तरफेचा लांब काटा कलायचा. काटा झाकलेला असताना टेबल फिरायचं. तोच काटा बसणाऱ्यांना दिसू लागला की सगळी 'शक्ती' नाहीशी! आपण आडवा जोर लावतोय हे डोळ्यांना दिसल्याबरोबर हात तो जोर लावायचं थांबवत.

ही माणसं खोटं बोलत नव्हती. टेबल डावीकडे जाणार या अपेक्षेनेच स्नायू हलके आकुंचन पावतात आणि ते आपलं आपल्याला जाणवत नाही. १८५२ साली विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने अशा हालचालींना 'आयडिओमोटर' म्हटलं. त्यात कितीतरी जणांचे हात एकाच टेबलावर असले की प्रत्येकाला वाटतं, दुसराच कुणीतरी ढकलतोय. आज याच प्रकाराला 'ऊर्जा' आणि 'क्वांटम' असली लेबलं लावून दुकानं चालतात, याची मला मनस्वी चीड येते.

आपल्याकडचं प्लँचेट हा याच कुळातला प्रकार. अक्षरांवरून वाटी फिरते, उत्तरं देते आणि शाळकरी मुलं रात्रभर घाबरून बसतात. घरात कुणी हा खेळ मांडलाच, तर सगळ्यांचे डोळे बांधा आणि कुणाला कळू न देता अक्षरांचा कागद उलटा फिरवा. मग वाटी कुठल्या अक्षरांवर जाते ते लिहून घ्या आणि खेळ संपल्यावर मुलांनाच वाचायला द्या.