ओपन सोर्स विकासकांमधील वाद आणि सभ्यता

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो त्याला ओपन सोर्स म्हणतात. अशा सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांमध्ये लेखी संवादातून उद्भवणारे मतभेद आणि ते हाताळण्याचे संकेत हा या नोंदीचा विषय आहे. हे काम बहुधा एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे करतात आणि त्यांतील अनेकांना त्याचा मोबदला मिळत नाही. आलेला प्रत्येक बदल प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे तो सांभाळणारा, तपासतो आणि स्वीकारतो किंवा परत पाठवतो. नकार ही येथील रोजची बाब आहे. भांडण सुरू होते ते सहसा तो नकार कोणत्या शब्दांत कळवला आणि कसा घेतला गेला यावरून.

सुरुवातीच्या प्रसिद्ध वादांपैकी एक जानेवारी १९९२ मधला आहे. प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्स या संगणक कार्यप्रणालीची रचना कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले, त्यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तिखट उत्तर दिले आणि लगेचच आपल्या सुराबद्दल क्षमाही मागितली. पुढे मात्र टोरवाल्ड्स यांची खरमरीत ई-मेल हा लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, कामाचा भागच मानला जाऊ लागला. गुणवत्ता राखायची तर असे बोलावेच लागते, हा त्यामागचा युक्तिवाद होता. तो टिकणारा नाही, कारण कोडमधील चूक दाखवण्यासाठी तो लिहिणाऱ्याची लायकी काढण्याची गरज नसते. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागून काही आठवडे काम बाजूला ठेवले. त्याच वेळी कर्नलने ‘कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंट’वर आधारलेली आचारसंहिता स्वीकारली. कोरलाइन एडा एमके यांनी २०१४ मध्ये तयार केलेली ही संहिता आज असंख्य प्रकल्प वापरतात. २०१८ च्याच जुलैमध्ये, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील एका प्रस्तावावरून (पीईपी ५७२) झालेल्या दीर्घ आणि कडवट चर्चेनंतर, भाषेचे जनक खीडो व्हान रोसम यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला आणि २०१९ पासून पाच जणांची निवडून आलेली समिती तो कारभार पाहते.

मतभेद मिटतच नसेल तर कोडची प्रत घेऊन वेगळे होण्याचा, म्हणजे फोर्कचा, मार्ग मोकळा असतो. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएस या प्रकल्पातून २०१४ च्या अखेरीस फुटलेला आयओ.जेएस दुसऱ्याच वर्षी पुन्हा मूळ प्रकल्पात विलीन झाला.

असभ्यपणा हा केवळ मनस्तापाचा नव्हे तर सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे एक्सझेड प्रकरणातून दिसले. एक्सझेड ही माहिती आकुंचित करणारी लहानशी, पण लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असणारी प्रणाली आहे. तिचे मेंटेनर लासे कॉलिन यांच्यामागे २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी तगादा लावला: काम संथ आहे, प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवा. हा विनामोबदला छंद आहे आणि आपल्याला दीर्घकाळ मानसिक त्रास आहे, असे त्यांनी सांगूनही तगादा थांबला नाही. या दडपणातच ‘जिया टॅन’ नावाच्या मदतनिसाला अधिकार मिळाले आणि त्याच खात्यातून घातलेला चोरदरवाजा मार्च २०२४ मध्ये उघडकीस आला. विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, म्हणून तो सापडला. तगादा लावणारी ती खाती बनावट आणि याच कटाचा भाग असावीत, असे व्यापकपणे मानले जाते.

नाशिकमध्ये पंचवटी, आडगाव आणि गंगापूर रोड या भागांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना या जगाची पहिली ओळख बहुधा पुल रिक्वेस्टमधून, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घेण्याच्या विनंतीतूनच होते. बदल पाठवल्यावर दोन तासांत ‘सर, प्लीज मर्ज करा’ (बदल प्रकल्पात सामावून घ्या) अशी आठवण करणे येथे आर्जव वाटते. तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा मेंटेनर, साडेबारा ते साडेतेरा तास मागे असल्याने, झोपलेला असू शकतो आणि सकाळी त्याला तोच तगादा दिसतो. ओपन सोर्समध्ये योगदानाला प्रोत्साहन देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरमधील उपक्रमात २०२० साली चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळण्याची सोय होती. तेव्हा रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये, एखादा शब्द घालून पाठवलेल्या निरर्थक बदलांचा असा पूर आला की आयोजक डिजिटलओशनने ३ ऑक्टोबरला नियम बदलून स्वतःहून सहभागी झालेले प्रकल्पच ग्राह्य धरले. त्या पुरात भारतीय विद्यार्थी बरेच होते, हे मान्य करावे लागते; पण त्यावरून सरसकट सगळ्या भारतीय नवशिक्यांवर जी आगपाखड झाली ती अन्यायकारक होती.

मराठी वापरकर्त्याच्या वाट्याला येणारा एक वाद अक्षरवळणाचा आहे. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून वेगळी आहेत, पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांना संकेतांक एकच आहे. त्यामुळे मराठी वळण दिसायचे असेल तर फॉन्टमध्ये वेगळी आकृती आणि मराठीपुरता ओपनटाइपचा (फॉन्टच्या प्रचलित स्वरूपाचा) नियम लागतो, शिवाय मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद पानातही असावी लागते. ‘तुमचा श चुकला आहे’ एवढेच लिहिले तर हिंदीभाषक मेंटेनरला ते चुकीचे आणि उद्धटही वाटते, आणि त्याने ‘आमच्याकडे बरोबर दिसतो’ म्हणून इश्यू, म्हणजे ती तक्रार, बंद केला की मराठी माणसाला आपली भाषा डावलल्यासारखे वाटते. तीच तक्रार दोन्ही वळणांचे स्क्रीनशॉट, ब्राउझरची आवृत्ती आणि मराठीची नोंद असलेला एक शब्द जोडून केली, तर चूक फॉन्टमध्ये आहे की पानात, हे मेंटेनरला स्वतः ताडून पाहता येते.