किलोभर गांजाला सूट? अजिबात नाही

शिरपूर-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यात वर्षानुवर्षं ऐकू येतं: ‘किलोच्या आत गांजा सापडला तर केस होत नाही.’ साफ खोटं. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात 1 किलो ही ‘अल्प मात्रे’ची मर्यादा आहे, माफी नव्हे. तेवढ्यालाही 1 वर्षापर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लागवडीला तर वजनाची अटच नाही. तुरीच्या ओळींत दडवून चार झाडं लावली तरी 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो; पोरांचं आयुष्य त्यात जातं. शेत बटाईनं दिलंय म्हणून मालकही सुटत नाही. आपल्या जमिनीत असं पीक आहे हे माहीत असून ताबडतोब कळवलं नाही, तर कलम 46 त्यालाही लागतं.