जागेचं लायसन्स की माणसाचं? इंग्लंडमध्ये दारू विकण्याआधी

महाराष्ट्रात परमिट रूम काढायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये हेच काम स्थानिक काउन्सिल पाहते, 'लायसन्सिंग अ‍ॅक्ट २००३' या कायद्याखाली. आणि तिथे लायसन्सं दोन असतात: प्रिमायसेस आणि पर्सनल. बोलताना दोन्हींना सरसकट 'लिकर लायसन्स' म्हणतात. मग कुणीतरी रेस्टॉरंट भाड्याने घेतं, मॅनेजरकडे पर्सनल लायसन्स आहे एवढ्यावर फ्रीज बिअरने भरतं आणि गुन्हा करून बसतं. जागेला परवानगी नसताना विक्री केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्हीही होऊ शकतं.

प्रिमायसेस लायसन्स जागेचं. दारूविक्री, करमणूक, रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतली गरम खाण्यापिण्याची विक्री, यांपैकी काय करायचं, किती वाजेपर्यंत आणि नकाशातल्या कोणत्या भागात, हे त्यात लिहिलेलं असतं. पर्सनल लायसन्स माणसाचं, आणि ते फक्त दारूपुरतं. त्यामुळे रात्री एकपर्यंत गरम वडापाव आणि चहा विकणाऱ्या, दारू न ठेवणाऱ्या दुकानाला पहिलं लागतं, दुसरं लागत नाही. थंड सँडविच आणि कोल्ड्रिंकच विकलं तर या कायद्याखाली काहीच लागत नाही.

अर्जही वेगवेगळ्या दारी जातात. प्रिमायसेसचा अर्ज जागा ज्या काउन्सिलच्या हद्दीत आहे तिथे, पर्सनलचा अर्ज तुम्ही राहता त्या काउन्सिलकडे. नंतर घर बदललं तरी पर्सनल लायसन्सचा संबंध ते देणाऱ्या काउन्सिलशीच राहतो. नवा पत्ता तिलाच कळवायचा. इथे बरेच जण चुकतात आणि नव्या गावच्या काउन्सिलला कळवून मोकळे होतात.

पर्सनल लायसन्सचं काम त्यामानाने सोपं. वय १८ पूर्ण, मान्यताप्राप्त परीक्षा (साधारण एका दिवसाचा कोर्स), इंग्लंडमध्ये काम करण्याचा हक्क, दोन फोटो आणि ३७ पौंड. गुन्हेगारी नोंदींचा बेसिक दाखला एका महिन्याच्या आतला हवा. तो आधी काढून मग कोर्सची तारीख शोधत बसलात तर दाखला शिळा होतो. म्हणून परीक्षा आधी, दाखला नंतर. १ एप्रिल २०१५ पासून या लायसन्सचं नूतनीकरण करावं लागत नाही.

प्रिमायसेसच्या अर्जाला खरी मेहनत लागते. नकाशा, कामकाजाचं सविस्तर वेळापत्रक आणि इमारतीच्या करमूल्यानुसार १०० ते ६३५ पौंड फी. पुढे दरवर्षी ७० ते ३५० पौंड. वार्षिक फी थकली तर लायसन्स निलंबित होतं. अर्ज दिल्यावर २८ दिवस हरकतींसाठी. या काळात फिकट निळ्या कागदावरची, किमान ए-४ आकाराची आणि १६ पॉइंट अक्षरातली सूचना बाहेरून सहज वाचता येईल अशी लावायची, आणि पहिल्या १० कामकाजी दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची. सूचना पांढऱ्या कागदावर छापली किंवा जाहिरात राहून गेली, तर २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजण्याची पाळी येते. शेजाऱ्यांची किंवा पोलिसांची हरकत आली की सुनावणी. त्यामुळे आवाज, कचरा आणि बंद करण्याची वेळ यांबद्दल शेजाऱ्यांशी अर्जाआधीच बोलून घ्यावं. आमच्या मते वकिलाच्या फीपेक्षा या बोलण्याचा उपयोग जास्त होतो.

दोन्ही लायसन्सं एकत्र येतात ती डीपीएस या पदापाशी. डीपीएस म्हणजे डेझिग्नेटेड प्रिमायसेस सुपरवायझर. दारू विकणाऱ्या जागेच्या लायसन्सवर एका डीपीएसचं नाव असतं आणि त्या व्यक्तीकडे पर्सनल लायसन्स असावंच लागतं. ती सतत काउंटरवर उभी हवी असं नाही. इतरांना विक्रीची परवानगी देता येते, ती लेखी ठेवावी. पण डीपीएस नोकरी सोडून गेला, तर नवा नेमेपर्यंत दारू बंद. बदलाचा अर्ज २३ पौंडांचा, सोबत नव्या माणसाची सही असलेली संमती. 'तात्काळ लागू' हा पर्याय निवडला तर अर्ज दाखल होताच काम सुरू ठेवता येतं. म्हणून दुसऱ्या एखाद्या विश्वासू कर्मचाऱ्यालाही पर्सनल लायसन्स काढून द्यावं.

तिकडच्या मराठी मंडळांसाठी यात एक अपवाद आहे. हॉल भाड्याने घेऊन दिवाळीचा कार्यक्रम केला आणि तिकिटात वाइनचा ग्लास धरला, तर ती विक्रीच. हॉलला दारूचं लायसन्स नसेल तर टेम्पररी इव्हेंट नोटिस द्यायची, २१ पौंड. त्यावर ना डीपीएस लागतो ना पर्सनल लायसन्स. मात्र साध्या माणसाला वर्षात अशा ५ नोटिसा देता येतात, पर्सनल लायसन्सवाल्याला ५०. नोटिस १० पूर्ण कामकाजी दिवस आधी पोचायला हवी. पोचल्याचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस त्यात धरत नाहीत. एका वेळी ४९९ माणसं, स्वयंसेवक आणि कलाकार धरून. एका जागेसाठीही वर्षात १५ नोटिसांची मर्यादा आहे, तेव्हा हॉलची अनामत भरण्याआधी यंदा किती नोटिसा झाल्या ते हॉलवाल्याला विचारा.