डिस्कमनची पार्श्वभूमी आणि ते 40 सेकंद

पहिला पोर्टेबल सीडी प्लेयर जपानमधे 1984 ला आला, कॅसेटवाल्या वॉकमननंतर 5 वर्षांनी. पण आपल्याकडे पुढची बरीच वर्षं तो म्हणजे कुणाच्यातरी गल्फवाल्या काकांच्या बॅगेतली वस्तू. मला तो नाशकात कॉलेजच्या पोरांच्या हातात दिसायला लागला 2000 च्या आसपास, म्हणजे तिकडे त्याचे दिवस भरत आले तेव्हा. मूळ कंपनीने, म्हणजे सोनीने, तर त्याच सुमारास डिस्कमन हे नावच बाजूला ठेवून सीडी वॉकमन केलं, इथे कोण ऐकतंय, चायना माल असला तरी डिस्कमनच.

खरा घोळ होता तो अँटी-शॉकचा, म्हणजे हादरा बसला तरी गाणं तुटू नये या सोयीचा. डब्यावर मोठ्या अक्षरात 40 सेकंद किंवा 45 सेकंद लिहिलेलं असायचं आणि घेणाऱ्याला वाटायचं की जास्त सेकंद म्हणजे जास्त भारी मशीन. आत काय चालायचं तर सीडी जरा जोरात फिरवून गाण्याचा पुढचा भाग आधीच मेमरीत भरून ठेवायचा, हादरा बसून लेझर भरकटला की तो जागेवर येईपर्यंत त्या साठ्यावर गाणं चालू. आता हिशोब बघा, सीडीच्या आवाजाला सेकंदाला साधारण 176 केबी लागतात, 2 एमबीची चिप घेतली तर जेमतेम 12 सेकंद होतात. मग 45 आले कुठून? तर गाणं दाबून, कॉम्प्रेस करून भरायचं. म्हणजे सीडीच्या क्लिअर आवाजासाठी पैसे मोजायचे आणि ऐकायचा दाबलेला आवाज! काही मॉडेलला हे बंद करायचं बटण होतं, पण कितीजणांनी ते वापरलं असेल देव जाणे. फरक कळतच नाही म्हणणारे तेव्हाही होते, त्यांनी बहुतेक डब्यातलेच हेडफोन लावलेले असणार.

आणि एवढं करून सलग हादऱ्यांपुढे ते 45 सेकंद काहीच कामाचे नव्हते, कारण साठा परत भरायला लेझरला मधेमधे तरी शांतता लागते. नाशकात सिडकोहून सीबीएसला, म्हणजे मधल्या बस स्टँडला, सिटी बसमधे मागच्या सीटवर बसलं की ती मिळायची नाही, मी डिस्कमन मांडीवर दोन्ही हातांनी उचलून धरून बसायचो, कंडक्टर बघून हसायचा.

मग एमपी3, म्हणजे आधीच कॉम्प्रेस केलेली गाणी, वाचणारे प्लेयर आले. 700 एमबीच्या एका राइट केलेल्या सीडीत दीडशे गाणी, आणि त्याच 2 एमबीत आता 2 मिनिटांचं गाणं मावायला लागलं, त्यामुळे हादऱ्यांची कटकट बऱ्यापैकी मिटली. गंमत अशी की ज्या कॉम्प्रेशनच्या नावाने काहीजण बोटं मोडायचे तेच सगळ्यांनी हौसेने घरात घेतलं.

पण 12 सेंटीमीटरची चकती काही खिशात जात नाही. आयपॉड 2001 मधेच आला होता, तो आपल्याला परवडणारा नव्हता, त्यामुळे इथे डिस्कमनला आणखी थोडी वर्षं मिळाली एवढंच. 2005 मधे वॉकमन नाव लावलेले मोबाइल आले, मागून स्वस्तातले चायना फोन, आणि शालिमारला जिथे मी सीडी राइट करून घ्यायचो तिथेच मेमरी कार्डमधे गाणी भरून मिळायला लागली.