किशोरवयातली सामाजिक चिंता: तेराव्या वर्षाचा आकडा आला कुठून?

किशोरवयातील सामाजिक चिंतेवरचे बरेचसे शोधनिबंध एकाच वाक्याने सुरू होतात: हा विकार साधारण 13व्या वर्षी डोके वर काढतो. हे वाक्य इतके घोटले गेले आहे की त्याला कुणी थांबवून काही विचारत नाही. पण 1966 साली दोन ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी निरनिराळ्या भयगंडांची सुरुवात कोणत्या वयात होते याची मांडणी केली, तेव्हा चित्र वेगळे होते. प्राण्यांची भीती चार-पाच वर्षांच्या वयात, गर्दीची आणि मोकळ्या जागांची भीती चोविशीच्या आसपास, आणि चारचौघांत वावरण्याची भीती सरासरी 19व्या वर्षी. एकोणीसचे तेरा झाले ते मुले बदलली म्हणून नव्हे. कुणाला विचारले, काय विचारले आणि विकार म्हणायचे कशाला, हे सगळे मधल्या काळात बदलले. (शिवाय पहिला आकडा सरासरीचा आहे, दुसरा मध्यकाचा, म्हणजे ज्या वयाच्या आत निम्म्यांची सुरुवात झालेली असते त्या वयाचा. ही तफावत उद्धृत करताना हमखास गळते.)

त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपतो. 1903च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘सामाजिक प्रसंगांचा भयगंड’ असा शब्दप्रयोग झाला होता. पुढे दोन-तीन दशकांत जपानमध्ये आपल्या नजरेमुळे, लाल होणाऱ्या चेहऱ्यामुळे समोरच्याला त्रास होईल या भीतीचे बारकाईने वर्णन झाले. पाश्चात्त्य संशोधनाने त्याकडे बराच काळ ‘तिकडचे वैशिष्ट्य’ म्हणूनच पाहिले, आणि ते नुकसानीचे ठरले. मानसिक विकारांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या 1968च्या आवृत्तीत तर सगळे भयगंड एकाच नावाखाली कोंबलेले होते.

मराठीत या नावाची वेगळीच अडचण आहे. ‘सामाजिक चिंता’ म्हटले की समाजाची काळजी वाहणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘लाजाळूपणा’ आणि ‘बुजरेपणा’ हे स्वभाव झाले, ‘भिडस्तपणा’ तर जवळजवळ गुणच. ‘सभाधीट’ हा नेमका उलट टोकाचा शब्द आपल्याकडे आहे, पण त्याच्या अभावाला नाव नाही. इथे अभिप्रेत आहे ती लोक आपल्याला जोखत आहेत आणि आपण हास्यास्पद ठरणार, ही टिकून राहणारी भीती.

1980 साली या भीतीला निदानपुस्तिकेत स्वतंत्र जागा मिळाली, पण अरुंद. माणसाला बहुधा एकाच प्रसंगाची भीती वाटते असे गृहीत होते: भाषण, लोकांसमोर जेवणे, लिहिणे. 1987च्या आवृत्तीत बहुतेक सगळ्या सामाजिक प्रसंगांची भीती असलेला प्रकारही आत आला. परिणाम आकड्यांत लगेच दिसतो. 1980च्या दशकातल्या मोठ्या अमेरिकी सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी हा विकार झालेल्यांचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत-बाहेर होते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या सर्वेक्षणात ते 13.3 टक्के निघाले. साथ आली नव्हती, व्याख्या रुंदावली होती आणि विचारलेल्या प्रसंगांची यादी लांबली होती. 2005मध्ये आलेला तेराव्या वर्षाचा मध्यक याच मालिकेतल्या पुढच्या सर्वेक्षणाचा. तोही प्रौढांनी आठवून सांगितलेल्या वयांवर उभा. चाळिशीतल्या माणसाला ‘हे कधी सुरू झाले?’ असे विचारले तर तो शाळेतला एखादा लाजिरवाणा प्रसंग शोधणारच.

मुलांच्या बाबतीत खरा वाद आहे तो निदानपुस्तिकेच्या 1994च्या आवृत्तीतल्या निर्णयाचा. तोवर मुलांसाठी वेगळे निदान होते: घरच्यांशी मोकळे वागणारे, ओढ असलेले, पण अनोळखी माणसांपासून अंग चोरणारे मूल. हे निदान बाद करून अशी मुले प्रौढांच्याच चौकटीत घेतली गेली. या निर्णयाच्या बाजूने सांगितलेले कारण खोटे नव्हते. हे निदान क्वचितच वापरले जाई आणि त्यातल्या मुलांना सामाजिक भयगंडाच्या मुलांपासून वेगळे काढणे जमत नव्हते. बदल्यात मुलांसाठी काही अटी घातल्या. अठरा वर्षांखालील व्यक्तीत त्रास किमान सहा महिने असावा. आपली भीती अवाजवी आहे हे मुलाला कळत असलेच पाहिजे असे नाही. आणि भीती समवयस्कांमध्येही दिसली पाहिजे, केवळ मोठ्यांसमोर नव्हे.

ही शेवटची अट माझ्या मते त्या अख्ख्या प्रकरणातली सर्वांत शहाणी ओळ आहे. मोठ्यांसमोर गप्प बसणे म्हणजे शिस्तही असू शकते. बरोबरीच्या पोरांत गप्प बसणे ही वेगळी गोष्ट. पण एकूण निर्णयाने संशोधनाचा प्रश्नच पालटला. ‘हे मूल इथवर कसे आले?’ याऐवजी ‘निकष पुरे झाले की नाही?’ विचारले जाऊ लागले. सातव्या वर्षीचे बुजणे आणि पंधराव्या वर्षीची भीती एकाच नावाखाली आली, आणि एकातून दुसरे कसे घडते हे तपासायची निकड कमी झाली. 1994च्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या पाठपुरावा अभ्यासांत तर पहिल्या फेरीचे निदान शेवटच्या फेरीत अस्तित्वातच नव्हते. 2013च्या आवृत्तीत सहा महिन्यांची अट सर्व वयांना लागू झाली आणि ‘सामाजिक चिंताविकार’ हे नाव पक्के झाले. गुंता मात्र उरलाच.

या दोन आवृत्त्यांच्या दरम्यान, 1999 साली, एका औषधाला अमेरिकेत या विकारासाठी पहिल्यांदा मान्यता मिळाली. माणसांचीच ॲलर्जी असल्याची कल्पना करायला लावणाऱ्या जाहिराती झळकल्या आणि लाजाळूपणाचा आजार केला, हा आरोप जोरात आला. 2004मध्ये मुले व किशोरांना नैराश्यविरोधी औषधे देताना आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले, तेव्हा वाद आणखी चिघळला. आरोपात तथ्य होते. पण वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणायचीही धास्ती घेणाऱ्या मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता.

विकासाचा धागा टिकवला तो निदानाच्या भांडणापासून दूर असलेल्यांनी. 1980च्या दशकात दोन वर्षांच्या आतली मुले अनोळखी माणसे आणि वस्तूंसमोर कशी वागतात हे प्रयोगशाळेत नोंदवले गेले. त्यातली 79 मुले 13 वर्षांची झाल्यावर 1999मध्ये निष्कर्ष आले: लहानपणी बिचकणाऱ्यांत सर्वसाधारण सामाजिक चिंता जास्त होती, पण लोकांसमोर सादरीकरणाच्या भीतीशी किंवा इतर विशिष्ट भीतींशी तसा संबंध दिसला नाही. उपजत स्वभाव दार उघडतो, पण एकाच खोलीचे. म्युनिकमध्ये 1995पासून 14 ते 24 वयाच्या सुमारे 3,000 जणांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. त्यात बहुतेकांची सुरुवात 10 ते 19 या वयांत आढळली, आणि पुढे नैराश्य येण्याचा धोकाही. तेराव्या वर्षाचा आकडा त्यामुळे खोटा ठरत नाही. तो एका रुंद पट्ट्यातला बिंदू ठरतो.

2013च्या एका प्रयोगात 8 ते 23 वयाच्या मुलामाणसांना इतकेच सांगितले की कॅमेरा सुरू आहे आणि तुमच्या वयाचे कुणीतरी तुम्हाला पाहत आहे. अवघडलेपणाची तीव्रता किशोरवयात सर्वाधिक होती. म्हणजे ज्या वयात सगळेच थोडे अवघडतात, त्याच वयात विकार शोधायचा आहे. 2020मध्ये सात देशांतल्या 16 ते 29 वयोगटात 36 टक्के जण एका प्रश्नावलीच्या मर्यादेपलीकडे गेले, आणि बातम्यांत ते ‘एक तृतीयांशाहून जास्त तरुण आजारी’ असे छापून आले. प्रश्नावलीतली मर्यादा म्हणजे निदान नव्हे. मुलाखत घेऊन निदान केलेल्या अमेरिकी सर्वेक्षणात 2010 साली 13 ते 18 वयोगटात हे प्रमाण 9.1 टक्के होते.

आताचे अभ्यास महिन्यांचे अंतर सोडून दिवसांवर आले आहेत. मुलांच्या फोनवर दिवसातून अनेकदा छोटे प्रश्न पाठवून, आधी भीती वाढते की आधी मित्र दूर होतात, हा क्रम पकडायचा प्रयत्न चालू आहे. दोन्ही दिशांनी पुरावे येत आहेत. फक्त ‘आज शाळेत कुणाशी बोललास?’ हा प्रश्न ज्यांना सर्वांत जड जातो, उत्तर न देता फोन खिशात टाकणारेही बहुधा तेच.