बरकत, दोन, तीन : एका शब्दाची पार्श्वभूमी

लहानपणी वडिलांबरोबर नागपूरच्या इतवारी बाजारात धान्य आणायला जायचो, तेव्हा एक कोडं सुटायचं नाही. मापारी पहिली पायली पोत्यात ओतताना 'एक' म्हणायचाच नाही. 'बरकत' म्हणायचा, आणि मग 'दोन, तीन' असं पुढे चालू. गावाकडे खळ्यावर आजोबा त्याच जागी 'लाभ' म्हणत. शब्द वेगळे, पण घरात येणाऱ्या धान्याला सुरुवातीलाच आकडा चिकटवू नये ही भावना दोघांचीही.

'बरकत' मूळची अरबी. ब-र-क या धातूत उंट बसलेला आहे, अगदी शब्दशः. उंट गुडघे मोडतो, छाती जमिनीला टेकवतो आणि मग हलता हलत नाही. त्याच धातूतून 'बिरका' आला, म्हणजे पाणी साठून राहतं ते तळं. जुने कोशकार रागिब इस्फहानी यांनी हाच धागा धरून व्याख्या केली : एखाद्या वस्तूत ईश्वरी भलाई ठाण मांडून राहणं म्हणजे बरकत. म्हणजे वाढ नंतर, आधी टिकणं. (बरकत आणि बख्त यांची गल्लत होते म्हणून सांगतो. बख्त फारसी, अर्थ नशीब. नागपूर वसवणाऱ्या गोंड राजाचं नाव बख्त बुलंद शाह, ते 'थोर नशिबाचा' या अर्थाने. आणि 'कमबख्त' ही शिवीही त्याच घराण्यातली.)

कुराणात हा शब्द 'बरकात' अशा अनेकवचनातच, तीन वेळा येतो. त्याचा भाऊबंद 'मुबारक', म्हणजे ज्यात बरकत ठेवली आहे ते, जास्त वेळा भेटतो : मक्केतलं पहिलं प्रार्थनाघर, आभाळातून पडणारं पाणी, जैतुनाचं झाड, कुराण उतरलं ती रात्र. देणारा मात्र एकच, अल्लाह. माणूस ती मागू शकतो, दुसऱ्यासाठी इच्छू शकतो. सलामाचं पूर्ण रूप 'अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू' असं आहे. शांती, कृपा आणि शेवटी बरकत.

खरी गंमत हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत आणि आठवणींत आहे, कारण तिथे ही कल्पना थेट स्वयंपाकघरात शिरते. दोघांचं जेवण तिघांना पुरतं. बरकत ताटाच्या मधोमध उतरते, म्हणून कडेने खावं. सहरीत, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणात बरकत आहे, ती चुकवू नये. रमजानमध्ये नागपूरच्या मोमिनपुऱ्यात पहाटेपर्यंत जी जाग असते तिच्यामागे हे वचनही आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांची आठवण तर मला फार आवडते. त्यांच्या फळीवर थोडेसे जव होते, ते कितीतरी दिवस पुरले. एक दिवस त्यांनी ते मोजले, आणि मग ते संपले.

पण दुसरी हदीस म्हणते, धान्य मोजा, त्यात बरकत येईल. मग खरं काय? भाष्यकारांनी तोडगा काढला तो कोणत्याही व्यापारी पेठेत पटेल असा : देताघेताना चोख मापा, म्हणजे कोणाचा हक्क मारला जाणार नाही, घरात खाताना मात्र दाणे मोजत बसू नका. सौद्याबद्दलही असंच आहे. घेणारा-देणारा खरं बोलले, मालातला दोष सांगितला, तर सौद्यात बरकत. लपवलं तर ती पुसली जाते. आणि व्याजाला अल्लाह नष्ट करतो, दानाला वाढवतो, असं कुराणच सांगतं. हिशेबाच्या वहीत नेमकं उलटं दिसतं, हे त्या अरब व्यापाऱ्यांना आपल्याइतकंच ठाऊक होतं.

इ.स. 627 मध्ये मदिनेभोवती खंदक खणताना जाबिर नावाच्या सोबत्याने थोड्या लोकांपुरतं जेवण रांधलं होतं. पैगंबर खंदकावरच्या सगळ्यांनाच घेऊन आले. त्यांचा आधीच निरोप होता, मी येईपर्यंत हंडी चुलीवरून उतरवू नका. हजार माणसं जेवली आणि हंडी तशीच रटरटत राहिली, अशी ही हदीस. आपल्याकडच्या लग्नात देग उघडताना पाहिलंय? वाढणारा झाकण जेमतेम एका बाजूने सरकवतो आणि तेवढ्या फटीतून बिर्याणी काढतो. मी एकदा आत डोकावलो तर दटावणी मिळाली, "पूरा मत खोलो भाई, बरकत चली जाती." वाफ कोंडून राहते हेही खरंच, पण कारण म्हणून त्याने वाफ सांगितली नाही.

पुढे सूफी परंपरेत बरकत माणसांशी आणि जागांशी जोडली गेली. नागपूरकराला यासाठी लांब जायला नको. ताजुद्दीन बाबा 1861 मध्ये कामठीत जन्मले. 1892 पासून वेड्यांच्या इस्पितळात होते आणि लोक तिथेही त्यांच्या दर्शनाला जात. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात आणलं. 17 ऑगस्ट 1925 ला बाबा गेले. उमरेड रोडवरच्या ताजबागेत, त्यांच्या दर्ग्यात आज येणाऱ्यांत कोण हिंदू, कोण मुसलमान हे रांगेकडे बघून सांगता येत नाही. तिथून मिळतं ते तबर्रुक, म्हणजे प्रसाद, हाही त्याच धातूचा शब्द. मुसलमानांत यावर मतभेद आहेत. दर्ग्याच्या वाटेने बरकत मागणं काहींना मान्य नाही; अल्लाहखेरीज कोणाकडे हात पसरू नये, असं ते बजावतात. दर्ग्याला जाणारे म्हणतात, देणारा तोच, बाबा फक्त वसिला, म्हणजे मधला दुवा. हा वाद नागपूरच्याही मोहल्ल्यांत चालतो.

मराठीने हा शब्द घेतला तो वादाशिवाय. 'पगार वाढला पण पैशाला बरकत नाही' असं म्हणणाऱ्याला अरबी धातू ठाऊक नसतो, पण अर्थ तो इस्फहानींचाच सांगतो. आमच्या शेजारच्या काकू गुरुवारी ताजबागेतून आल्या की शिरणी दारोदार वाटतात आणि उरलेला एक दाणा तांदळाच्या डब्यात टाकतात. परवा त्यांचा तो डबा तळाला गेला होता. "संपले का?" मी विचारलं. "संपले म्हणू नये रे," त्या म्हणाल्या, "वाढले म्हणावं," आणि पिशवी घेऊन दुकानात निघाल्या.